गोळ्यांची आडनावं

(नांदगाव पेठ येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पत्रिकेत माझा विषय छापला आहे, ‘हृदयविकार : कारणे व उपाय’. कारणं तुम्हाला पाठ आहेत. तंबाखू वाईट, मीठ वाईट, बसून राहणं वाईट, हे मी सांगायचं, तुम्ही माना डोलवायच्या आणि बाहेर पडलं की पानठेल्यावर खर्रा घोटायला सांगायचा, हा कार्यक्रम आपण पुष्कळदा केला आहे. आज तो नको. मी बोलणार आहे ते ज्यांच्या घरी गोळ्या आधीच सुरू आहेत त्यांच्याशी. या मांडवात अशी घरं किती, हे मी हात वर करायला लावून विचारत नाही. तुमच्याही घरात आहेत, माझ्याही.

ज्यांच्या नावाने ही माला चालते ते गुरुजी हजेरी घेताना प्रत्येक पोराचं आडनावासकट पूर्ण नाव घेत, असं त्यांचे विद्यार्थी मघाशी चहा घेताना सांगत होते. मला आजच्या भाषणाचा धागा तिथेच सापडला.

मागच्या मे महिन्यात मोर्शी रोडवरच्या एका गावचे आबाजी माझ्याकडे आले. संत्र्याची बाग, वय सत्तरीच्या आतबाहेर. आठ महिन्यांपूर्वी नागपुरात स्टेंट बसलेला. तक्रार एवढीच, की उठलं की अंधारी येते. ओलितावर गेले असताना दांडातच पडले, कपाळाला खोक. मी म्हटलं, गोळ्या दाखवा. त्यांनी कापडाच्या दुकानाची एक पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली.

ती पिशवी तुम्ही पाहिलेली आहे. कात्रीने कापलेल्या पट्ट्या. कोणात चार गोळ्या, कोणात तीन. पट्टी अशी कापलेली की नाव एका तुकड्यावर गेलं, मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर, आणि आपल्या हाती आलेल्या तुकड्यावर नुसता चंदेरी कागद. मी विचारलं, “आबाजी, ह्या गोया कायच्या कायच्या हाय?”

“हे पांढरी बीपीची. हे गुलाबी बी बीपीचीच. हे पायाच्या सुजीची. हे कंबरीची. आन् हे...” त्यांनी बिननावाचा तुकडा हातात फिरवला, “हे देते म्हणून घेतो जी.”

नऊ प्रकार निघाले. पांढरी आणि गुलाबी दोन वेगळ्या कंपन्यांच्या, दोन वेगळ्या नावांच्या. मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. दोन्हीत टेल्मिसार्टन. एक अमरावतीच्या जुन्या चिठ्ठीवरची, दुसरी नागपूरहून सुट्टी मिळाली त्या कागदावरची. आबाजी आठ महिने एकच औषध दुप्पट घेत होते आणि दोन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी बरोबर होत्या. चुकलं ते एवढंच, की त्या दोन चिठ्ठ्या एका टेबलावर कधी आल्या नाहीत.

पट्टीवर मोठ्या, रंगीत अक्षरांत जे लिहिलेलं असतं ते कंपनीने ठेवलेलं लाडाचं नाव. खरं, बारशाचं नाव पुष्कळदा त्याच्या आसपास बारीक अक्षरांत असतं. मेडिकलवाला म्हणतो ना, “काका, कंपनी वेगळी आहे, कंटेंट तोच आहे”, तो कंटेंट म्हणजे हे बारशाचं नाव. लाडाची नावं आपल्या देशात हजारोंनी आहेत आणि एकमेकींशी इतकी मिळतीजुळती, की हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २००१ साली, कॅडिला नावाच्याच दोन कंपन्यांच्या खटल्यात, मलेरियावरच्या ‘फाल्सिगो’ आणि ‘फाल्सिटॅब’ या नावांवरून. कोर्टाने तेव्हा म्हटलं की इतर मालापेक्षा औषधाच्या बाबतीत नावांच्या सारखेपणाकडे जास्त कडक नजरेने पाहिलं पाहिजे, कारण इथे घोटाळ्यात जीव जाऊ शकतो. निकाल लागून वीस वर्षं उलटली. नावं अजून सारखीच आहेत.

म्हणून मी माझ्या पेशंटला लाडाचं नाव पाठ करायला सांगत नाही, आडनाव ओळखायला सांगतो. आपल्याकडे आडनाव कळलं की माणसाचं अर्धं गाव कळतं. हृदयाच्या गोळ्यांनाही आडनाव असतं आणि ते शब्दाच्या शेपटाला असतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन : हे सगळे सार्टन, एका घरातले भाऊ. रामिप्रिल, एनालाप्रिल : हे प्रिल. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, अटेनोलॉल : लॉल. अम्लोडिपिन, सिल्निडिपिन : डिपिन. अटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन : स्टॅटिन. तुमच्या पिशवीत एकाच आडनावाचे दोघे निघाले, तर त्या दिवशीच डॉक्टरांना फोन करा. सार्टन आणि प्रिल हे तर चुलत घरातले. तेही सहसा एका पिशवीत नांदत नाहीत.

आता ही घरं काय करतात ते सांगतो. प्रिलची गोष्ट आधी, कारण तिचा उगम सापात आहे. आपल्या धुऱ्यावर घोणस असते तसा ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की माणसाचं बीपी एकदम कोसळतं. सर्जिओ फेरेरा या ब्राझीलच्या शास्त्रज्ञाने त्या विषातला तो गुण शोधला, विषाचा अर्क लंडनला नेला, आणि १९७५ च्या सुमारास अमेरिकेतल्या कुशमन आणि ओंडेटी या दोघांनी त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल ही गोळी घडवली. रक्तवाहिन्या आवळणारं एक रसायन आपलं शरीरच तयार करत असतं. प्रिल ते तयार होऊ देत नाही, सार्टन ते लागू पडू देत नाही. नळी सैल, हृदयावरचा भार कमी. प्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. रात्ररात्र खोकतात, कफसिरपच्या बाटल्या रिकाम्या करतात, टीबी तर नाही ना म्हणून थुंकी तपासतात आणि कारण उशाशी असतं. ओठ किंवा जीभ सुजली तर मात्र खोकल्यासारखी वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि घरात सून-लेक दिवस जाण्याच्या वयाची असेल, तिला प्रिल किंवा सार्टन सुरू असेल, तर दिवस राहण्याच्या आधीच हे डॉक्टरांच्या कानावर घाला. या दोन्ही घरातल्या गोळ्या गर्भाला बाधतात.

लॉल घोड्याचा लगाम आहे. धावणारं हृदय तो मंद करतो. १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रॅनोलॉल शोधलं आणि त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं. या घराची एकच गोष्ट लक्षात ठेवा. लगाम एकदम सोडायचा नसतो. लग्नाला पुण्याला गेलो, गोळ्या घरी राहिल्या, चार दिवसांनी काय होतं? बीपीच्या इतर काही गोळ्यांचं कदाचित खपून जाईल. लॉल अचानक तुटली तर दाबलेलं हृदय उसळतं, छातीत दुखतं, कधी अटॅकही येतो. बंद करायचीच असेल तर डॉक्टर पायरी पायरीने उतरवतात.

बीपीच्या डिपिनने काहींच्या पायाच्या घोट्यावर सूज येते. ती किडनीची नसते, हृदयाचीही नसते, गोळीची असते. आबाजींचं नेमकं हेच झालं होतं. डिपिनची सूज आली, ती सूज पाहून कोणीतरी लघवीची गोळी जोडली, लघवीच्या गोळीने अंग कोरडं पडलं, त्यात दुहेरी सार्टन. गोळीवर गोळी, तिच्यावर गोळी. आबाजी बीपी वाढल्याने पडले नव्हते, उतरल्याने पडले होते. आम्ही एक सार्टन काढली, डिपिन अर्धी केली, लघवीची आणि कंबरेची बंद केली. बिननावाचा तुकडा ॲसिडिटीचा निघाला. नवाच्या सहा झाल्या. आबाजी जाताना जरा नाराज दिसले. गोळ्या कमी केल्या म्हणजे डॉक्टरला रोग समजला नाही, असं आपल्याकडे मानतात.

“मले त आता काई होत नाई” हे वाक्य गोळी सोडलेल्या माणसांकडून मी रोज ऐकतो. बीपीचा सगळा कट या वाक्यात आहे. ताप उतरलेला कळतो, बीपी चढलेलं कळत नाही. म्हणून ते मोजावंच लागतं. या मोजण्याबाबत मराठी मुलुखातल्या एका डॉक्टरचं नाव मला या व्यासपीठावरून घ्यायचंच आहे, कारण ते आपण विसरलो. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातले डॉ. रुस्तम जाल वकील. सर्पगंधा ही आपली जुनी मुळी. वैद्य ती वेडावर, निद्रानाशावर देत. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये ती बीपी उतरवते असं लिहिलं, पण जगाने कान दिला नाही. डॉ. वकिलांनी काय केलं? पन्नास पेशंट घेतले, ठरलेल्या मात्रेत सर्पगंधा दिली आणि दर वेळी बीपी मोजून लिहून ठेवलं. ते टिपण १९४९ मध्ये लंडनच्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आलं. बीपीवर गुण देणाऱ्या औषधांचा तो दुष्काळाचा काळ. युरोप-अमेरिकेने ती मुळी उचलली, १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं, आणि १९५७ मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

हे आज का सांगतो? एक, अभिमान म्हणून. तो लपवत नाही. दुसरं, सर्पगंधेने काही लोकांचं मन खचायचं, नाक चोंदायचं. जगभर वापर झाला तेव्हा ते दिसून आलं, आणि पुढे यापेक्षा सोसवणाऱ्या गोळ्या आल्यावर ती मागे पडली. ‘झाडपाला आहे, साइड इफेक्ट नाही’ असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं, त्याला आपल्याच मातीतलं हे उत्तर आहे. आणखी एक उत्तर हवं असेल तर या गावाबाहेर महामार्गावर जा. महामार्गांच्या दुभाजकांवर कण्हेर लावतात. ती जनावर तोंडात घेत नाही, म्हणूनच लावतात. तिच्या पानात हृदयावर चालणारं विष आहे. तिकडे इंग्लंडमध्ये फॉक्सग्लोव्ह नावाच्या फुलझाडात त्याच्याच जातीचं द्रव्य आहे. विल्यम विदरिंग या डॉक्टरने १७८५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि त्याच कुळातून आजची डिगॉक्सिन गोळी आली. ही गोळी फार थोड्यांना लागते, पण ज्यांना लागते त्यांनी ऐकावं. तिची औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा शेजारी शेजारी राहतात. मळमळ, जेवण नकोसं होणं, डोळ्यांपुढे पिवळं दिसणं, नाडी फार मंद होणं : यातलं काही झालं की पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना भेटा.

आता ‘रक्त पातळ करायची गोळी’. हा शब्द मला आवडत नाही, पण तो तुमच्या तोंडून काढणं माझ्या हाती नाही. रक्त पातळ होत नसतं, गोठणं लांबतं. आणि या एका नावाखाली दोन अगदी निराळी औषधं दडली आहेत. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या एका जातीच्या, स्टेंटवाल्यांच्या. वॉरफॅरिन आणि ॲसिनोकुमॅरॉल दुसऱ्या जातीच्या. धातूची झडप बसवलेल्यांच्या, आणि हृदयाची लय बिघडून आत गुठळी होण्याची भीती असलेल्यांच्या.

वॉरफॅरिनची गोष्ट शेतकऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत गुरं मरू लागली. शिंग काढलं, खच्ची केलं की रक्त थांबेना. कॅनडातल्या स्कोफिल्ड या पशुवैद्याच्या ध्यानात आलं की हे बुरशी आलेल्या स्वीट क्लोव्हर या चाऱ्यामुळे होतं. चांगला चारा असता तर त्याने काही केलं नसतं. ओल लागून बुरसला की विषारी होई. १९३३ च्या फेब्रुवारीत, बर्फाच्या वादळात, एक शेतकरी गाडीत मेलेली कालवड, डबाभर न गोठलेलं रक्त आणि तो कुजका चारा घालून विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या दारात आला. कार्ल लिंक नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते रक्त पाहिलं आणि पुढची कित्येक वर्षं त्यातलं द्रव्य शोधण्यात घालवली. १९४८ मध्ये त्याच द्रव्याच्या भावंडाचं उंदराचं औषध झालं, तेच वॉरफॅरिन. १९५४ मध्ये ते माणसाला देऊ लागले आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना अटॅक आला तेव्हा त्यांनाही दिलं गेलं.

जे औषध उंदराला मारतं तेच मोजून दिलं की माणसाला वाचवतं. मोजून, म्हणजे आयएनआर ही रक्ततपासणी करून. बहुतेकांचा आकडा २ ते ३ मध्ये ठेवतात. काही झडपांना थोडा वर. तपासणीला पैसे लागतात, अमरावतीला जावं लागतं, म्हणून आपली माणसं महिनोन् महिने आकडा न पाहता गोळी गिळत राहतात. आकडा खाली गेला तर झडपेवर गुठळी, वर गेला तर मेंदूत रक्त. या गोळीचा पालेभाजीशीही संबंध आहे. पालक, मेथी, शेपू यांतलं के जीवनसत्त्व गोळीच्या उलट काम करतं. म्हणून काही डॉक्टर भाज्याच बंद करायला सांगतात. मला ते पटत नाही. गरिबाच्या ताटातली भाजी काढून काय ठेवायचं? रोज साधारण सारखी खा, एवढंच. पावसाळ्यात फुकट मिळते म्हणून आठवडाभर नुसती भाजी आणि मग महिनाभर काहीच नाही, हे करू नका. जुलाबाची, दाताची, खोकल्याची कोणतीही अँटिबायोटिक घेताना आधी सांगा की मी ही गोळी घेतो. त्यांतल्या बऱ्याच जणी आकडा वर नेतात. आणि झडप बसवलेल्या तरुण मुलींनी दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांकडे यावं, नंतर नव्हे.

स्टेंटवाल्यांसाठी एकच वाक्य : दात काढायचा आहे म्हणून दोन्ही गोळ्या स्वतःहून बंद करू नका. मेडिकलवाल्याने सांगितलं, शेजाऱ्याने सांगितलं, दातवाल्याने सांगितलं तरी हृदयवाल्याला विचारल्याशिवाय नाही. स्टेंट ही परकी तार आहे, तिच्यावर आतली कातडी चढेपर्यंत या गोळ्याच तिची राखण करतात. हिरडीतून थोडं जास्त रक्त आलं तर बोळा दाबून थांबतं. स्टेंट बंद पडला तर थांबवायला वेळ मिळत नाही.

ॲस्पिरिन किती कामाची, ते १९८८ मध्ये छापलेल्या एका मोठ्या प्रयोगाने दाखवलं. अटॅक आलेल्या सतरा हजारांवर पेशंटांवर तो झाला. महिनाभर रोज लहानशी ॲस्पिरिन दिलेल्यांत पहिल्या पाच आठवड्यांतले मृत्यू जवळजवळ पाव हिश्श्याने कमी झाले. म्हणून छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय, घाम सुटलाय, दुखणं जबड्यात-हातात उतरतंय, तर १०८ ला फोन करा, आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटातून रक्त जाण्याचा इतिहास नसेल तर ३०० मिलीग्रॅमची साधी ॲस्पिरिन चावून खायला द्या. पण तोंड वाकडं झालंय, हात उचलत नाही, बोबडं बोलतोय अशा माणसाला ॲस्पिरिन देऊ नका. तो अर्धांग असू शकतो, आणि अर्धांग रक्त साचल्याने आहे की अडल्याने, हे सीटी स्कॅनशिवाय कोणालाच कळत नाही. त्याला थेट अमरावतीच्या इर्विन हॉस्पिटलात न्या.

जिभेखालची सॉर्बिट्रेट आपल्याकडे ताईतासारखी खिशात असते. तिच्या घराण्याचा मूळ पुरुष नायट्रोग्लिसरीन, म्हणजे ज्यापासून आल्फ्रेड नोबेलने डायनामाइट केलं ते. म्हातारपणी हृदय दुखू लागल्यावर डॉक्टरांनी त्यांना तेच औषध लिहून दिलं आणि त्यांनी या योगायोगाबद्दल मित्राला पत्रात लिहिलं. ही गोळी बसून घ्यायची, उभ्याने नाही. बीपी उतरतं, माणूस पडतो. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर दुसरी-तिसरी गोळी मोजत बसू नका, गाडी बोलवा. ज्याने गेल्या दोन दिवसांत ‘ताकदीची’ गोळी घेतली असेल, सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल, त्याने सॉर्बिट्रेटला हात लावू नये. दोन्ही मिळून बीपी इतकं पाडतात की परत चढत नाही. हे बायकोसमोर सांगायची लाज वाटते मला माहीत आहे. डॉक्टरच्या कानात सांगा, पण सांगा.

आता आपल्या मे महिन्याकडे येतो. अकोला-अमरावतीचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा माझ्याकडे येणाऱ्यांचं दुखणं बदलतं. बीपीची तीच गोळी, तीच मात्रा. हिवाळ्यात बरोबर बसलेली, मेमध्ये जास्त होते. घामाने पाणी आणि मीठ गेलेलं असतं, रक्तवाहिन्या आधीच सैल झालेल्या असतात. त्यात लघवीची गोळी. त्यात एखाद्या लग्नातलं जेवण बाधून दिवसभर जुलाब. आणि आता सगळ्यात वाईट भर पडते ती दुखीच्या गोळीची. वखरणी, संत्र्याची तोडणी, कापूस वेचणी; आपल्या माणसाची कंबर मोडलेलीच असते. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड : यांतली कोणतीही पानटपरीवरच्या सुपारीइतक्या सहज मिळते. सार्टन किंवा प्रिल, वर लघवीची गोळी, वर ही दुखीची. तिघी एकत्र आल्या की किडनीवर तिन्ही बाजूंनी दाब येतो. किडनीत रक्त यायचा रस्ता दुखीची गोळी आवळते, बाहेर जायचा रस्ता सार्टन सैल करते, आणि लघवीची गोळी मुळातच रक्तातलं पाणी घटवते. चाळणीवर दाबच राहत नाही. मी असे शेतकरी डायलिसिसवर जाताना पाहिले आहेत. त्यांना किडनीचा आजार नव्हता, कंबरेचा होता. दुखण्यासाठी ठरलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल घ्या, शेका, मलम लावा. उलट्या-जुलाब सुरू झाले की त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा की लघवीची आणि सार्टनची गोळी तूर्त थांबवू का, आणि बरं झाल्यावर कधी सुरू करू. दुसरा प्रश्न लोक विसरतात आणि गोळी कायमची बंद पडते.

उन्हाळ्यात सगळे सांगतात, मीठ-साखर-पाणी भरपूर प्या. हृदय कमजोर असलेल्याने हे ऐकू नये. त्याचं पाणी आणि मीठ डॉक्टरांनी मोजून दिलेलं असतं. असा माणूस रोज सकाळी लघवी करून आल्यावर वजन करतो, आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर दम लागण्याची वाट न पाहता फोन करतो. घरात वजनकाटा नसेल तर रेशन दुकानातला चालतो. सैंधव मिठाने काही फरक पडत नाही, तेही मीठच. ‘कमी सोडियमचं’ मीठ मात्र प्रिल, सार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याने विचारल्याशिवाय आणू नये. त्यात पोटॅशियम असतं आणि या गोळ्या अंगातलं पोटॅशियम आधीच धरून ठेवतात.

संत्रं खाल्लं तर चालतं का, हा प्रश्न वऱ्हाडात व्याख्यान दिलं की विचारला जातोच. कोणीतरी मोबाइलवर वाचलेलं असतं की स्टॅटिनबरोबर संत्र्यासारखं फळ खाल्लं की घात होतो. ते फळ ग्रेपफ्रूट, आणि त्याचं आपल्याकडचं नातेवाईक पपनस. गोळी शरीरातून बाहेर काढणारं यंत्र ती फळं अडवून ठेवतात. वरुड-मोर्शीच्या संत्र्यात ती खोड नाही. बिनधास्त खा. फक्त किडनी कमजोर असेल तर रसाचे पेले रिचवू नका, तिथे परत पोटॅशियम आडवं येतं.

कोलेस्ट्रॉलच्या गोळीवर, म्हणजे स्टॅटिनवर, थोडंच बोलतो. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हजारो बुरश्या तपासून तिचा पहिला धागा शोधला. अंगभर स्नायू दुखू लागले, लघवी कोळशासारखी गडद झाली तर दाखवा. बाकी लसूण-लिंबू-आलं-व्हिनेगरच्या काढ्याने ब्लॉकेज विरघळत नाही. विरघळत असतं तर मी माझ्या घरी हंडाभर करून ठेवला असता.

उपवासाचं राहिलं. नवरात्रात अंबादेवीचे नऊ दिवस गोळी सोडणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. गोळी अन्न नाही, ती पाण्याच्या घोटाबरोबर घेतल्याने नवरात्राचं व्रत मोडत नाही. रोजे ठेवणाऱ्यांनी महिनाभर आधी वेळा बदलून घ्याव्यात, सहरी आणि इफ्तारला बसवता येतात. एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या पोरांनीही तसंच. गोळी घड्याळाला बांधा, झोपेला नको. एखादी राहून गेली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका.

आणि सरकारी गोळीत दम नसतो, हा समज सोडा. २०१७ च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाबाचा मोठा सरकारी उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातून आपल्या शेजारचा वर्धा आणि भंडाराही होता. ठरलेल्या दोन-तीन साध्या गोळ्या आणि ठरलेल्या तारखेला मोजलेलं बीपी, एवढ्यावर तो चालतो. तीच अम्लोडिपिन, तीच टेल्मिसार्टन प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते, जनऔषधीत स्वस्त. आडनाव वाचा, किंमत नव्हे.

माझं बोलणं इथे थांबवतो. व्यासपीठाच्या डाव्या बाजूला कार्यकर्त्यांनी एक टेबल आणि बल्ब लावला आहे. आभार प्रदर्शन होईपर्यंत तुमच्या घरी जाऊन यायला वेळ आहे. गोळ्यांची पिशवी आहे तशी घेऊन या; कापलेले तुकडे, जुन्या चिठ्ठ्या, काढ्याची बाटली, मुलाने पुण्याहून पाठवलेली शक्तीची पावडर, सगळं. तुमच्यातली दहावी-बारावीतली दोन पोरं मी सोबतीला मागितली आहेत. ती प्रत्येक पट्टीवरचं बारीक अक्षरातलं नाव मोठ्याने वाचतील आणि एका कागदावर लिहून तुम्हाला देतील. तो कागद पुढच्या वेळी जो कोणी डॉक्टर असेल त्याच्यापुढे ठेवा. मी दहा वाजेपर्यंत इथे बसलो आहे.